घसा, डोळे, कान आणि न विचारलेला प्रश्न

एका डोळ्याने धूसर दिसते, कानात सतत शिट्टी वाजते, अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो. डोळ्यांचे डॉक्टर डोळा पाहतात, कानाचे डॉक्टर कान. ‘व्हीडीआरएल’ ही रक्ताची साधी तपासणी मात्र राहून जाते. कारण त्याआधी जो प्रश्न विचारावा लागतो, त्याचा आम्हा डॉक्टरांनाच संकोच वाटतो. इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत मीही तो टाळला आहे.

गुप्तरोग जननेंद्रियांपुरतेच राहतात, हा समज चुकीचा आहे. उपदंश, म्हणजे जुन्या लोकांची ‘गरमी’, कोणत्याही टप्प्यावर डोळ्यांत किंवा अंतर्कर्णात शिरू शकतो. नजर किंवा ऐकणे कायमचे जाऊ शकते. वेळेत ओळखला, तर १० ते १४ दिवस शिरेतून पेनिसिलिन देऊन हे नुकसान बहुधा रोखता येते.

परम्याची (गनोरिया) गोष्ट वेगळी. मुखमैथुनातून तो घशात पोहोचतो आणि बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. घशात आधीपासून राहणाऱ्या निरुपद्रवी भाऊबंद जीवाणूंकडून तो औषधांना दाद न देण्याची जनुके उचलतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधील एका रुग्णाच्या घशातील परमा नेहमीच्या सेफ्ट्रिअॅक्सोनने बरा झाला नाही. शेवटी अर्टापेनेम हे राखीव औषध शिरेतून द्यावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये परम्याचे ८.२ कोटी नवे रुग्ण होते. इंग्लंडने ऑगस्ट २०२५ पासून जास्त जोखीम असलेल्यांना मेंदूज्वराची एक लस परम्यासाठी द्यायला सुरुवात केली. तिचे संरक्षण ३० ते ४० टक्के इतकेच आहे.

आपल्याकडे उपचार मुख्यतः लक्षणांवरून ठरतात आणि ठरावीक रंगाची औषधांची पाकिटे दिली जातात. ज्याला लक्षणच नाही, तो घशाचा रुग्ण या जाळ्यातून निसटतो. त्यातल्या सेफिक्झिमच्या गोळीचा घशात प्रभावही कमी पडतो. मोठ्या रुग्णालयांत तरी घशाच्या नमुन्याची तपासणी सुरू व्हायला हवी.

तोवर आपल्या हातात काय? औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. जिल्हा रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि उपचार मोफत होतात, नाव गुप्त राहते. जोडीदारावरही उपचार करून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा. नजर गमावण्यापेक्षा दोन मिनिटांचा संकोच परवडतो.