करंगळीची ओळख

या आठवड्यात आत्याकडे गेलो, तर ती मोबाइलवर अंगठा दाबून दाबून वैतागली होती. फोन काही ओळख देईना. ‘मेल्याला मी परकी झाले,’ म्हणाली आणि बोटं पुढे केली: टोकांना बारीक चिरा, नखांच्या कडा लाल. विडीकाडीचा वाराही न लागलेल्या आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. रोज ओसिमर्टिनिबची एक गोळी. ही गोळी नेम धरते ईजीएफआर नावाच्या प्रथिनावर. पण तेच प्रथिन निरोगी कातडीच्या तळच्या थरालाही लागतं. तिथल्या नव्या पेशी त्याच्याच हुकमाने वाढतात. हुकूम थांबला की कातडी पातळ होते, ओलावा धरत नाही, पाचोळ्यासारखी सुकते. आत्या चार महिने डॉक्टरांना हे बोललीच नाही. का? ‘जीव वाचतोय, तिथं खाजेचं काय सांगायचं?’ हा सोशिकपणा मला मुळीच मान्य नाही. खाजेने रात्र रात्र जागणारा माणूस एक दिवस गुपचूप गोळीच चुकवतो. म्हणून बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर पहिल्याच दिवशी, गोळीच्याच चिठ्ठीवर लिहायला हवं. शेवटी मी विचारल्यावर डॉक्टरांनी हातापायांना युरियाचं क्रीम दिलं, कढत पाणी आणि उटणं बंद केलं. (कढत पाण्यासाठी आत्या अजून भांडते आहे.) टाचांना मात्र ती वेंगुर्ल्याहून आलेलं भिरंडेलच, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, लावते, दिव्यावर वितळवून, वर मोजे चढवून. परवा तिचा फोन आला. मोबाइल उघडला म्हणे, पण डाव्या करंगळीने.