विश्लेषण : द्राक्षाची ‘बदललेली’ काडी आणि जनुक-संपादित भात… दोन्हींमागे पेशीची चूकच?

जुन्नर तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडताना पीक तीनदा बदलते. घाटमाथ्यालगतच्या आदिवासी पट्ट्यात भात, नारायणगावच्या आसपास कालव्याच्या पाण्यावर द्राक्षे आणि टोमॅटो, तर आळेफाट्याच्या पुढे घाट चढून आणे पठारावर पोहोचले की पावसाच्या भरवशावरची बाजरी. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ४ मे २०२५ रोजी भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर केले. तेव्हापासून ‘निसर्गाच्या कामात हा हस्तक्षेप कशाला’ हा प्रश्न विचारला जात आहे. मात्र निसर्ग स्वतः काय करतो, हे मधल्या पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराने पाहिलेले असते.

पेशी डीएनएची नक्कल कशी करते?

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डीएनएची संपूर्ण प्रत तयार होते. हे काम सातबाऱ्याच्या नोंदीसारखे चालते. तलाठी नोंद लिहितो, लिहिताना स्वतः तपासतो आणि त्यावर मंडल अधिकारी नजर टाकून ती प्रमाणित करतो. पेशीत लिहिण्याचे काम पॉलिमरेज हे विकर करते. साधारण एक लाख अक्षरांमागे त्याची एक चूक होते. चुकीचे अक्षर बसले की ते मागे सरकून ते काढून टाकते. तरीही जे निसटते, ते दुसरी यंत्रणा नव्या प्रतीत शोधून दुरुस्त करते. शेवटी शंभर कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. महसूल खात्याला हेवा वाटावा असा हा हिशेब आहे!

द्राक्षाच्या जनुकसंचात सुमारे ५० कोटी अक्षरे आहेत आणि प्रत्येक पेशीत त्याचे दोन संच असतात. म्हणजे दर विभाजनाला एखादी चूक राहून जाते. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. पण डोळ्याच्या टोकावरील पेशीतील मोक्याचे जनुक बदलले, तर त्यातून फुटणारी काडी बाकी वेलापेक्षा वेगळी निघते : मणी लांब, रंग गडद किंवा घड आधी तयार. प्राण्यांमध्ये असा बदल सहसा त्या जिवाबरोबर संपतो. द्राक्षाची वाढ मात्र कलमाने होते, त्यामुळे एक काडी पुढे हजारो एकरांवर पसरू शकते.

महाराष्ट्राला यातून काय मिळाले?

राज्याची द्राक्षशेती बऱ्याच अंशी अशाच वेगळ्या काड्या हेरणाऱ्यांनी घडवली. थॉमसन सीडलेसमधून तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडले, तर सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’. काळ्या किशमिश चोर्नीमधून ‘शरद सीडलेस’ही काळे यांनीच काढले. प्रयोगशाळा नव्हती; नजर होती. प्रत्येक बदल एकाच अक्षराचा असतो असेही नाही. डीएनएचा एखादा तुकडा जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. पांढऱ्या द्राक्षांचा रंग गेला आहे तो रंगाच्या जनुकात असा तुकडा घुसल्यामुळे.

मग जनुक संपादन वेगळे कसे?

नक्कल करतानाची चूक ही एक गोष्ट, डीएनए तुटणे ही दुसरी. उन्हातील अतिनील किरणांनी शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात. वनस्पतींकडे ती सोडवणारे फोटोलायेज हे विकर असते आणि ते चालते प्रकाशावरच. माणसात ते नाही. त्यावर काम करणारे अझीझ सँकार यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

गॅमा किरणांचा घाव खोल असतो. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटतात. पेशी घाईने टोके जोडते आणि जोडताना काही अक्षरे गळतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने हेच वापरून पन्नासहून अधिक वाण तयार केले. उन्हाळी भुईमूग घेणाऱ्यांच्या ओळखीचा ‘टीएजी-२४’ त्यांपैकीच.

क्रिस्पर ही कात्री ठरवून दिलेल्या ठिकाणी डीएनए कापते. सोप्या संपादनात तिचे काम तिथेच संपते. बदल घडवते ती पेशीची घाईतील दुरुस्ती. सांबा मसुरीपासून केलेल्या ‘डीआरआर धान १०० (कमला)’मध्ये लोंबीतील दाण्यांची संख्या रोखणारे जनुक असे बदलले आहे. उत्पादन १९ टक्के जास्त आणि पीक २० दिवस आधी, असा सरकारचा दावा आहे. त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. दुसरा, ‘पुसा डीएसटी राइस १’, क्षार आणि ताण सोसण्यासाठी आहे. आणे पठारावरच्या बाजरीसाठी मात्र या यादीत काही नाही.

कायदा काय म्हणतो?

बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या संपादित वनस्पतींना पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. गॅमा किरणांनी बियाण्यात कुठेही झालेले घाव चालतात, तर एका जागी केलेला घाव का चालू नये, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण कात्री मिळत्याजुळत्या दुसऱ्या जागीही लागू शकते. ते तपासून आकडे जाहीर करणे ही वाण काढणाऱ्या संस्थेची जबाबदारी, आणि सूट मिळाली म्हणून ती टळू नये.

खरा पेच मालकीचा आहे. क्रिस्परवर पेटंटचे जाळे आहे. द्राक्षातही ‘आरा’सारख्या परदेशी जाती परवाना घेऊनच लावाव्या लागतात. दुसरीकडे, २००१च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या बागेतील वाण नोंदवता येतो आणि वेलवर्गीय पिकांना १८ वर्षे संरक्षण मिळते. अट एवढीच की वाण वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावा. म्हणजे त्या काडीचे डोळे खुंटावर भरून काही हंगाम पाहावे लागते.

अडचण वेळापत्रकाची आहे. वेगळा घड नजरेस पडतो तो काढणीच्या गडबडीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि खूण न केलेली ती काडी इतरांबरोबर बांधावर जाऊन पडते.