माडीवरचं भूत आणि सहीचा कागद

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर एक बाई फिरते. पांढरी साडी, मोकळे केस, वेळ रात्री बाराची. मी स्वतः पाहिलेली नाही. खरं तर कुणीच पाहिलेली नाही. पण फर्स्ट इयरला आल्या आल्या सीनियर्सनी आम्हाला सांगितलं, आणि आम्हीही नव्या मुलींना इमानेइतबारे तेच सांगितलं. परंपरा म्हणतात ती हीच!

हे आठवायचं कारण माझी रूमपार्टनर. सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या उशीखाली तिला जर्नलऐवजी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी सापडली. "अगं, थर्मोडायनॅमिक्स शिकणारी तू, आणि ही पडक्या किल्ल्यातली भुतं आणि रडक्या हिरॉइनी कसल्या वाचतेस?" तेव्हा काही सुचलं नाही (जर्नल खरंच अपुरं होतं). म्हणून हे उत्तर. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, तेवढं सांभाळून घ्या.

या कादंबऱ्यांना गॉथिक म्हणतात. सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, १७६४ साली, होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून. ऐन लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलावर एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं आणि तो जागीच मरतो. बाप मॅनफ्रेड काय करतो? मुलाचा शोक राहिला बाजूला, त्याच्या वाग्दत्त वधूशी आपणच लग्न करायला निघतो! कारण त्याला वारस हवाय. आणि वारस एवढा का हवाय, तर किल्ला मुळात त्यांचा नाहीच. त्याच्या आजोबाने मालकाला विष घालून, खोटं मृत्युपत्र करून तो लाटलेला. शेवटी त्या मालकाचं भूत प्रकट होऊन खरा वारस कोण ते सांगतं. म्हणजे भूत कसलं, तो चालता-बोलता सातबारा!

नंतर आली अॅन रॅडक्लिफ. तिच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो'ला १७९४ साली पाचशे पौंड मिळाले, त्या काळी डोळे पांढरे व्हावेत एवढी रक्कम. यातली अनाथ एमिली आत्याच्या नवऱ्याबरोबर, माँटोनीबरोबर, डोंगरातल्या किल्ल्यात येते. रात्री आवाज, कुठूनतरी संगीत, आणि एका खोलीत काळा पडदा. पडदा बाजूला करताच ती बेशुद्ध! आत काय होतं हे शेकडो पानांनंतर कळतं. मेणाचा पुतळा. रॅडक्लिफबाई प्रत्येक भुताचा असा खुलासा करतात, अगदी आपल्या प्रॅक्टिकलच्या कन्क्लुजनसारखा.

पण सगळ्या भुतांचा खुलासा झाला तरी एक गोष्ट खरीच उरते. माँटोनीला सह्या हव्या असतात. बायकोने आपली इस्टेट त्याच्या नावे करून द्यावी म्हणून तो तिला कोंडून ठेवतो. ती आजारी पडून मरते, पण सही देत नाही. मग तो एमिलीच्या मागे लागतो. ती पडद्याला घाबरत होती, आणि घाबरायला हवं होतं टेबलावरच्या कागदाला.

जेन ऑस्टेनने 'नॉर्दँगर अॅबी'त या सगळ्याची मस्त टर उडवली आहे. तिची कॅथरीन अशा कादंबऱ्या वाचून बिघडलेली (रूमपार्टनर, तू खूश!). पाहुणी म्हणून एका जुन्या घरी जाते. रात्री कपाटात गुंडाळी सापडते, भीतीने झोप उडते, सकाळी बघते तर धोब्याची बिलं. घरमालक जनरलने बायकोचा खून केला असावा हा तिचा संशयही खोटा ठरतो. इथे सगळे हसतात आणि पुस्तक मिटतात. पण पुढे काय होतं? कॅथरीन श्रीमंत नाही हे कळल्यावर तोच जनरल तिला एकटीला घराबाहेर काढतो. भूत नव्हतं, खूनही नव्हता, पण माणसाबद्दलची तिची शंका फारशी चुकली नव्हती.

आणि 'जेन आयर', १८४७ सालची. वरच्या मजल्यावरून रात्री भेसूर हसणं ऐकू येतं. जेनला सांगतात, ती नोकर बाई हसते, लक्ष देऊ नकोस. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये कळतं की वर रॉचेस्टरची पहिली बायको कोंडलेली आहे. जेनचं त्याच्यावर जिवापाड प्रेम, तरी ती जवळ जेमतेम पैसे असताना घर सोडते. पुढे काकाचे वीस हजार पौंड मिळतात, ते ती तीन भावंडांबरोबर सारखे वाटून घेते. त्यानंतर एका रात्री तिला मैलोनमैल दूर असलेल्या रॉचेस्टरची हाक ऐकू येते. मोबाईल नाही, टॉवर नाही. याचा खुलासा शार्लट ब्राँटे करत नाही आणि मला नकोय. पण ती परत जाते तेव्हा गुपित उघड झालेलं असतं आणि पैसा स्वतःचा असतो, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता घरची गोष्ट. माझ्या आजोळी वाडा आहे. लहानपणी आम्हाला बजावलेलं, "माडीवर जायचं नाही, तिथं बाई आहे." माडीवर एक मोठी ट्रंक होती. मी आठवीत असताना आजोबा गेले. ट्रंक खाली आली आणि तिच्यातून कागद निघाले. मग आई आणि मावशी मामांबरोबर रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आल्या. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा हक्क १९९४ च्या कायद्याने आला, देशभर २००५ मध्ये. आईला हे माहीत होतं. तरी सही का केलीस विचारलं तर म्हणाली, "माहेर तुटायला नको गं."

माझे मामा काही माँटोनी नाहीत. दिवाळीला साडी येते आणि ती प्रेमानेच येते. आईनेही सही राजीखुशीने केली असेल. पण तो कागद तिने वाचला नव्हता. आणि माडीवर इतकी वर्षं आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं.

म्हणून मला या कादंबऱ्या टाईमपास वाटत नाहीत. भूत आहे की नाही यावर मेसमध्ये तासभर भांडता येतं. भुताची भीती कुणाच्या सोयीची आहे, हे विचारायला मला यांनी शिकवलं. 'ट्वायलाइट'वर माझा राग आहे तो याचसाठी. तिथे हिरो स्वतःच व्हॅम्पायर, मुलीच्या खोलीत चोरून शिरून तिला झोपलेली बघत बसतो, आणि ते म्हणे प्रेम! आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी असं केलं तर पोलीस येतील. जुन्या कादंबरीतली मुलगी निदान दिवा घेऊन बघायला तरी जायची.

जाता जाता, मागच्या महिन्यात आम्ही चौघी रात्री बारा वाजता टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो. बाई नव्हती. पाण्याची टाकी होती, कुणाचा तरी विसरलेला टॉवेल होता, आणि मागच्या बाजूचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा होता. गोष्ट कुणी मुद्दाम पसरवली असं मी म्हणत नाही. पण कठडा वाढवण्यापेक्षा बाई स्वस्त पडते, हे नक्की.

रेक्टर मॅडम, तेवढा कठडा वाढवून द्या. बाईचं काय ते आमचं आम्ही बघू!