नखाच्या बुरशीवर ब्लीच ओतू नका

दीपनगर वसाहत, फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम, वेल्हाळे ते थेट वरणगावपर्यंतच्या सगळ्या कामगार बंधू-भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना हात जोडून विनंती आहे : पायाच्या नखाला बुरशी लागली म्हणून त्यावर ब्लीच लावू नका. कापसाच्या बोळ्यानं लावू नका, बादलीत ओतून त्यात पाय बुडवू नका, जुन्या ब्रशनं नख घासू नका. कपड्यांचे डाग काढायचं ब्लीच, फरशी-संडास धुवायचं द्रावण, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, यातलं काहीही पायाचं औषध नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर हे आजपासूनच बंद करावं. उद्यावर टाकू नये.

हे आवाहन इथूनच का करावं लागतं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आणि नवा ६६० मेगावॉटचा संच. त्यांच्या मागे कोळसा उतरवणारे, पट्ट्यांवर राबणारे, बॉयलरची दुरुस्ती करणारे, राखेच्या बंधाऱ्यावर काम करणारे शेकडो पाय. सुरक्षेसाठी बंद बूट घालावेच लागतात आणि ते घातलेच पाहिजेत. पण भुसावळचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या पुढचा पारा. पूर्ण पाळी त्या बुटात पाय घामानं भिजून निघतो. कोळशाची धूळ बसावी म्हणून पाणी मारतात, त्या पाण्यानं मोजे ओले होतात आणि तसेच पायात राहतात. पाळी संपली की बूट दाराशी काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच दमट बूट पुन्हा चढवायचे. तिकडे रावेर-यावलच्या केळीच्या बागांत पाय दिवसभर ओल्या मातीत असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, खाज सुटते, कातडी पांढरी पडून सोलते, आणि तीच बुरशी हळूहळू नखाखाली शिरते. नख पिवळं पडतं, जाड होतं, टोकाकडून भुसभुशीत होऊन तुटायला लागतं. दुखत नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षं कुणी बघत नाही. मग बूट टोचायला लागतो, चारचौघांत चप्पल काढायची लाज वाटते, आणि कुणीतरी सांगतं : ब्लीच लाव, जंतू मरतात, दहा रुपयांत काम होतं.

जंतू मरतात हे खरं आहे, म्हणूनच हा सल्ला इतक्या सहज पटतो. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि फरशीवरची बुरशी ते मारतं. पण नखाची बुरशी नखाच्या वर बसलेली नसते. ती नखाखालच्या मांसाला चिकटून, नखाच्या थरांत घुसून, नख ज्या केरॅटिनचं बनलेलं असतं तेच खात वाढते. वरून ओतलेलं ब्लीच आधी नखावर, कातडीवर आणि मळावर खर्ची पडतं, आणि बुरशीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यात जोर उरत नाही. केळीच्या मुळाला कूज लागली असताना पानं पुसून काय होणार? उलट एक फसगत मात्र होते. ब्लीचचा मूळ गुण रंग उडवण्याचा, त्यामुळे पिवळं नख चार दिवसांत फिकट दिसू लागतं. माणूस म्हणतो, गुण आला. आणि मात्रा वाढवतो.

त्या वेळी कातडीचं काय होतं ते नीट समजून घ्या. बाजारातल्या घरगुती ब्लीचमध्ये साधारण ३ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि ते द्रावण तीव्र अल्कली असतं. आम्ल कातडीला लागलं की लगेच झोंबतं आणि माणूस हात-पाय मागे घेतो. अल्कलीचं तसं नाही. ते कातडीतल्या चरबीचा साबण करतं, प्रथिनं विरघळवतं आणि आत-आत जात राहतं. बोटांमध्ये ब्लीच लावल्यावर बुळबुळीत लागतं, तो स्वच्छतेचा पुरावा नाही. आपलीच कातडी विरघळायला लागली आहे, असा त्याचा अर्थ आहे. नखाच्या कडेला आणि बेचक्यात ते साचून राहतं. वरून मोजा आणि बूट चढवला तर घामाबरोबर तासन् तास तिथेच राहतं. मग कातडी लाल होते, सोलते, फोड येतात, भेगा पडतात, आणि त्या उघड्या जागेतून साध्या बुरशीऐवजी पू करणारे जिवाणू आत शिरतात. आधी फक्त नख खराब होतं, आता पाय सुजतो.

कुणी म्हणेल, डॉक्टरही ब्लीचसारखं औषध वापरतात. वापरतात. १९१५ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धात, हेन्री डेकिन या इंग्रज रसायनतज्ज्ञानं आणि अलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदानं सैनिकांच्या जखमा याच हायपोक्लोराइटनं धुतल्या. पण ते द्रावण जेमतेम अर्ध्या टक्क्याचं होतं आणि कातडी जळू नये म्हणून त्यातली अल्कली मुद्दाम कमी केलेली होती. काही त्वचारोगांत आजही डॉक्टर अंघोळीच्या पाण्यात अगदी थोडं ब्लीच घालायला सांगतात, तेव्हा त्याचं प्रमाण ०.००५ टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे बाटलीतल्या ब्लीचपेक्षा हजारपट पातळ. दोन्हींचं रसायन एक असलं तरी काम एक नाही. घरातल्या झाकणानं मोजून ते प्रमाण साधत नाही. टीसीएल पावडरीचं तर बोलायलाच नको. ताज्या पावडरीत तिसरा हिस्सा क्लोरीन असतो. तिचा लगदा करून पायाला बांधणं म्हणजे जाणूनबुजून भाजून घेणं.

आता शुगरवाल्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात शुगरचं माणूस आहे त्या प्रत्येकासाठी. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होत जातात. खडा टोचला तरी कळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अशा पायावर ब्लीच लावलं तर चटका लागत नाही. जळजळ होत नाही म्हणून माणूस ते तसंच ठेवतो, आणि सकाळी मोज्याला चिकटलेली कातडी दिसते तेव्हाच पहिल्यांदा कळतं. वर पायाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर ती जखम भरत नाही. ती काळी पडते, हाडापर्यंत जाते, आणि मग बोट काढायचं की पाऊल, असा प्रश्न समोर उभा राहतो. नुसत्या नखाच्या बुरशीनं सहसा पाय जात नाही. पण बुरशी घालवण्याच्या नादात केलेल्या जखमेनं तो जाऊ शकतो. घरातल्या आजी-आजोबांचे पाय रोज संध्याकाळी उजेडात बघा. बोटांमधली जागा बघा. तळवा त्यांना दिसत नसेल तर खाली आरसा धरा. 'मला काही दुखत नाही' हे त्यांचं उत्तर ऐकून थांबू नका.

माणसाच्या अंगावर हे रसायन टाकणं किती अयोग्य आहे, ते देशानं २०२० मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिलं. ३० मार्चला उत्तर प्रदेशातल्या बरेलीत, कोरोनाच्या टाळेबंदीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइट मिसळलेलं पाणी फवारलं गेलं. लहान मुलंही त्यात होती. डोळे चुरचुरल्याच्या तक्रारी आल्या. पुढं १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट सांगावं लागलं की माणसांवर जंतुनाशक फवारणं शरीराला आणि मनाला अपायकारक आहे आणि त्याची शिफारस नाही. फरशीचं औषध फरशीला, ही साधी गोष्ट तेव्हा सरकारी पातळीवर लेखी सांगितली गेली. ती आपण घरात विसरू नये.

आणखी एक धोका पायाच्या पलीकडचा आहे, आणि तो सगळ्या घराला आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्रजवळ जर्मन सैन्यानं युद्धात सोडला होता तो हाच वायू. बंद न्हाणीघरात बादलीवर वाकून बसलेल्या माणसाला दम लागायला, छातीत भरून यायला मूठभर वायूही पुरतो. व्हिनेगरनं बुरशी जाते आणि ब्लीचनंही जाते असं दोन ठिकाणी ऐकून दोन्ही एकाच बादलीत ओतू नका. आणि पायासाठी म्हणून थोडंसं ब्लीच पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. कुठलंही पोर तहानलेलं येईल आणि तोंडाला लावेल.

मग करायचं काय? आधी नख दाखवा. वेडंवाकडं, पिवळं, जाड दिसणारं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असं नाही. अशा नखांपैकी निम्म्यांच्या आसपास कारण दुसरंच निघतं : पायावर हत्यार पडलेलं असतं, बूट लहान असतो, सोरायसिस असतो. नखाखाली काळी रेघ उमटून रुंदावत असेल तर त्यात कर्करोगही असू शकतो, ती लगेच दाखवा. डॉक्टर नखाचा भुगा घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी साधी आणि स्वस्त आहे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर भुसावळ-वरणगावच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करा.

बुरशी निघालीच तर तिच्यावर खरी औषधं आहेत. टर्बिनाफिनची गोळी पायाच्या नखासाठी साधारण बारा आठवडे रोज घ्यावी लागते. आधी यकृताची रक्ततपासणी करतात, म्हणून ती स्वतःहून सुरू करायची नाही. नखावर लावायची अमोरोल्फिनसारखी लाखही मिळते. मात्र गोळ्या संपल्या तरी नख तसंच दिसतं, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं खराब नख पुढं सरकत कापून जाऊन नवं पूर्ण यायला बारा ते अठरा महिने लागतात. औषध लागू पडलं आहे की नाही, ते मुळाशी उगवणाऱ्या नव्या गुलाबी पट्टीवरून ओळखा. टोक पाहून निराश होऊ नका. चार दिवसांत नख पांढरं करून देणारा कोणीही तुम्हाला बरं करत नाही.

मेडिकल दुकानदार बंधूंनाही एक विनंती. चिखल्या किंवा गजकर्ण म्हणून कुणी आलं की स्टेरॉइड मिसळलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब देऊ नका. खाज थांबते आणि बुरशी पसरते. अशाच अर्धवट उपचारांतून देशात औषधाला न जुमानणारी बुरशी पसरली आहे. शास्त्रज्ञांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं आपल्याच देशाचं नाव दिलं आहे. टर्बिनाफिन तिच्यावर अनेकदा चालत नाही. ही नामुष्की आणखी वाढवण्यात आपल्या गल्लीचा हातभार लागायला नको.

ठेकेदार आणि सुपरवायझर मंडळींनो, तुमच्या हातात तर डॉक्टरांपेक्षा जास्त आहे. मजुराच्या मापाचा बूट द्या. एक नंबर लहान बूट अंगठ्याचं नख रोज ठेचतो आणि ठेचलेल्या नखात बुरशी आधी शिरते. बुटांबरोबर सुती मोज्यांचे दोन-तीन जोड द्या. पाळीच्या मधे ओला मोजा बदलायला पाच मिनिटं द्या. सामाईक न्हाणीघराची फरशी मात्र जरूर ब्लीचनं धुवा. ते तिथेच शोभतं. फरशी कोरडी झाल्यावरच लोकांना आत सोडा.

घरी करायचं तेही थोडकं आहे. कामावरून आल्यावर पाय साध्या साबणानं धुवून बोटांमधली जागा पंच्यानं टिपून कोरडी करायची. बूट उन्हात ठेवायचे, आणि ऊन आपल्याकडे कमी नाही. जमल्यास बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वापरायचे. नखं सरळ कापायची, आणि घरात एकच नेलकटर सगळ्यांनी वापरायचं नाही. चिखल्या झाल्या तर त्या तेव्हाच बऱ्या करून घ्यायच्या, नखापर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत.

आणि ज्यांनी ब्लीच लावलंच आहे, त्यांनी घाबरू नका, लपवूही नका. मोजा लगेच काढा. वाहत्या साध्या पाण्याखाली पाय किमान वीस मिनिटं धरा. दोन तांबे पाणी ओतून भागत नाही. उतारा म्हणून लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ कोरड्या फडक्यानं सैल झाका. डोळ्यात उडालं असेल तर डोळा उघडा धरून तितकाच वेळ पाण्यानं धुवा आणि थेट दवाखान्यात जा. मुलानं प्यायलं असेल तर ओकारी काढू नका, १०८ ला फोन करा. वायूनं दम लागला असेल तर आधी उघड्यावर या आणि मग १०८ लावा. शुगरच्या माणसानं पायाला ब्लीच लावलं असेल तर दुखत नसलं, काही दिसत नसलं, तरी त्याच दिवशी पाय डॉक्टरांना दाखवा. जाताना ब्लीचची बाटली किंवा पावडरीचं पाकीट सोबत न्या, आणि ते किती वेळ पायावर होतं, किती दिवसांपासून लावत होतात आणि शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.