पिंग वाढतं कुणामुळे?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, घरी माझा व्हॅलोरंटचा डाव ऐन रंगात आणि पिंग ३५ वरून थेट ४०० वर! मी भिंतीसारखा उभा, समोरचा आरामात मला मारतोय. पलीकडच्या खोलीत आई नागपूरच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर. मी ओरडलो, "आई, फोन ठेव ना! तुझ्यामुळे लॅग होतंय!" आईने काही न बोलता फोन ठेवला. असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी आई फराळाचे डबे पोचवायला बाहेर गेलेली, तरी पिंग ४००च. शोधता शोधता सापडलं काय, तर माझाच मोबाईल! ट्रेकचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत बसला होता. थर्ड इयरला नेटवर्क्स शिकलेल्या माणसाची ही अक्कल.

आपल्याकडे लॅग झाला की पहिला सल्ला मिळतो, "मोठा प्लॅन घे." माझं मत, हे पैसे बहुतेक वेळा वाया जातात. गेम एक एमबीपीएससुद्धा खात नाही. अडचण वेगाची नसते, रांगेची असते. हिशोब करून बघा. अपलोड १० एमबीपीएस आणि राउटरच्या बफरमध्ये पाच लाख बाइट साठलेत. म्हणजे ४० लाख बिट, बाहेर पडायला ०.४ सेकंद. तुमच्या गोळीचं इवलंसं पॅकेट या रांगेच्या शेपटीला उभं. झालेच की ४०० मिलिसेकंद! २०१० साली जिम गेटिस या अमेरिकन प्रोग्रॅमरला घरून मोठी फाईल पाठवताना हेच दिसलं आणि त्याने या रोगाला 'बफरब्लोट' नाव दिलं.

औषधही आहे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' मांडलं. रांग किती लांब हे ते बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळलं हे बघतं. ५ मिलिसेकंदांच्या वरचा मुक्काम हटेना की एखादं पॅकेट सरळ टाकून देतं, मग पाठवणारा आपोआप दमाने घेतो. त्याच्याच 'एफक्यू-कोडेल' या भावंडात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते. म्हणजे सकाळी बाथरूमसमोर एकाच पठ्ठ्याने दहा बादल्या लावल्या, तरी तुमच्या एका मगाला वाट मिळते!

आमचा जुना राउटर ओपनडब्ल्यूआरटी चालणारा निघाला, हे नशीब. त्यात एसक्यूएम टाकलं आणि अपलोडची मर्यादा १० ऐवजी ९ ठेवली, डाउनलोडचीही तशीच थोडी खाली. असं का? रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागावी म्हणून. तिथेच तर आपला हुकूम चालतो. बाबा म्हणाले, "पैसे पूर्ण भरतो आणि तू वेग कमी केलास?" त्यांना पटवायला व्हायवापेक्षा जास्त वेळ लागला. बॅकअप चालू ठेवून पिंग दाखवलं, ४२. तेव्हा कुठे मान हलली.

आता मुद्द्याचं. बऱ्याच राउटरमध्ये 'गेमिंग मोड' असतो, आपलं यंत्र सगळ्यांत पुढे ढकलायचा. मी तो लावला नाही, तुम्हीही लावू नका. बहिणीचा इंटरव्ह्यू किंवा आईचा कॉल आपल्या हेडशॉटपेक्षा खालचा कसा? आणि रांगा वेगळ्या झाल्यावर त्याची गरजही उरत नाही. मात्र सर्व्हर सिंगापूरला असेल तर कुठलंही सेटिंग चालणार नाही. मुंबईहून जाऊन-येऊन जवळपास आठ हजार किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाशालाच ४० मिलिसेकंद लागतात राव!

हॉस्टेलचा राउटर आपल्या हातात नाही. (स्वतःचा आणून भिंतीतल्या पोर्टला लावू नका, उलटा लावला तर अख्ख्या मजल्याला चुकीचे आयपी वाटत सुटतो.) पण रेक्टर सर आणि नेटवर्क सांभाळणारे सर हे पान वाचत असतील तर विनंती, पुढच्या वेळी लाईन वाढवण्याआधी रांगेचं सेटिंग एकदा बघा. तोवर आपण निदान फोटोंचा बॅकअप रात्री दोननंतर लावूया.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मावशीला आता पूर्ण बोलू देशील ना?" त्या रात्री त्या दोघी सव्वा तास बोलल्या. पिंग ३८ होतं आणि मी तरीही हरलो.