नकाशावरचा गडद रंग

माझं काम दिवसभर आकड्यांशी आणि आलेखांशी. म्हणून या वेळी एका नकाशाविषयी.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, दोन्ही कॅरोलिना अशा राज्यांत, पक्षाघाताने जास्त माणसं दगावतात, हे 1960 च्या दशकात लक्षात आलं. नकाशावर ही राज्यं सलग गडद दिसतात, म्हणून या भागाला 'स्ट्रोक बेल्ट' म्हणतात.

पण असा नकाशा रंगवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली वय. पक्षाघात उतारवयात जास्त, त्यामुळे जिथे म्हातारी माणसं जास्त तो भाग गडद दिसणारच. म्हणून सगळीकडे वयोगटांचं प्रमाण सारखं धरून मृत्युदर काढतात. दुसरी लोकसंख्या. समजा, 500 वस्तीच्या गावात वर्षभरात एक मृत्यू झाला, तर दर लाखाला 200! पुढच्या वर्षी एकही नाही, तर शून्य. खरं तर गावात काहीच बदललेलं नसतं. म्हणून लहान वस्तीचा दर ठरवताना आजूबाजूच्या भागांच्या आकड्यांचाही आधार घेतात.

एवढी चाळणी लावूनही तो पट्टा पुसला गेला नाही. मग कारणांचा शोध आला. 2003 साली सुरू झालेल्या 'रिगार्ड्स' या अभ्यासात 45 वर्षांवरचे 30 हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. उच्च रक्तदाब, मधुमेह, तळकट खाणं यांनी फरकाचा काही भाग उलगडतो, सगळा नाही.

आपली अडचण याच्याही आधीची आहे. 2020 साली भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे 22.5 टक्के मृत्यूंचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. गोव्यात मात्र ते प्रमाण 100 टक्के. आता नुसती प्रमाणपत्रं मोजून नकाशा रंगवला, तर नीट नोंद ठेवणारा गोवाच उगाच गडद दिसेल आणि जिथे नोंदच नाही ते भाग निरोगी वाटतील! मग स्ट्रोकचं उपचार केंद्र कुठे हवं, हे कसं ठरवायचं?

म्हणून एक विनंती. घरातलं कुणी गेलं की त्या धावपळीत 'म्हातारपण' एवढंच सांगून आपण मोकळे होतो. तसं न करता डॉक्टरांकडून नेमकं कारण लिहून घ्या. गेलेलं माणूस परत येत नाही, पण त्या एका ओळीचा उपयोग मागे राहिलेल्यांना होतो.