भाच्याची पहिली मोटारसायकल



मागील महिन्यात भाच्याने वयाची अठरा वर्षे पूर्ण केली. दुसऱ्याच दिवशी त्याने शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला आणि तिसऱ्या दिवशी रॉयल एनफिल्डच्या ‘हंटर ३५०’ या मोटारसायकलीचे छायाचित्र घरातील सर्वांच्या मोबाईलवर येऊन पोहोचले. भाऊजींनी ‘दुकानालाही उपयोग होईल’ असे म्हणून अर्धा होकार दिला. ताईने मात्र मला बाजूला घेतले. “तू स्वतः चालवून बघ आणि खरे ते सांग. त्याचा मामा म्हणून नको, माझा भाऊ म्हणून सांग,” एवढेच ती म्हणाली. मार्केट यार्डातील एका स्नेह्यांकडे २०२५ सालची सुधारित हंटर आहे. ती दोन दिवसांसाठी मागून घेतली.

गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, उघडे दिसणारे इंजिन, असे या गाडीचे रूप जुन्या काळाची आठवण देणारे आहे. पण जुने आहे ते रूपच. ज्यांच्या घरी वडिलांची बुलेट होती त्यांना ठाऊक असेल की तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. चालू करण्याआधी अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा आणि मग किक मारायची. चुकल्यास किक उलटून पोटरीवर बसे. हंटरला किकच नाही. बटण दाबताच ती चालू होते. भाच्याच्या पिढीला तो सोहळा हुकला याची हळहळ वाटण्याचे कारण नाही. माझ्या पोटरीला तरी ती वाटत नाही.

इंजिन ३४९ सीसीचे, एकच सिलिंडर असलेले, शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. आकडा ऐकून ताई दचकली होती. मात्र शिकणाऱ्याच्या दृष्टीने शक्तीपेक्षा ती कशी येते हे महत्त्वाचे. या इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो. क्लच सोडताना हात थोडा चुकला तरी गाडी झटका देऊन पुढे उडी घेत नाही, आणि तिसऱ्या गिअरमध्ये अगदी मंद चालवली तरी कुरकुरत नाही. बाजाराच्या गर्दीत, हातगाड्या आणि हमालांच्या मधून जाताना याचा मोठा आधार वाटला. दोन चाकांतील अंतर कमी असल्यामुळे ती वळतेही चटकन. आरंभीच्या गाड्यांत मागील स्प्रिंग बरेच कडक होते. सुधारित गाडीत ते बदलले आहेत आणि क्लचही हलका केला आहे.

आता वजन. ही गाडी १८१ किलोची आहे. ताईची ॲक्टिव्हा ११० किलोच्याही आतली. चालताना हा फरक जाणवत नाही, थांबताना जाणवतो. दुकानासमोरच्या उतारावर गाडी मागे घेताना ती एका बाजूला कलली आणि सावरण्यासाठी मला दोन्ही पाय घट्ट रोवावे लागले. भाचा अंगाने किरकोळ आहे. तेव्हा पहिला महिना त्याने शंभर सीसीच्या हलक्या गाडीवर क्लच-गिअरचा सराव करावा, असे माझे स्पष्ट मत झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सातारा रस्त्याने निघालो. कात्रजला आगम मंदिरात दर्शन घेतले आणि जुन्या घाटाकडे वळलो. मार्गशीर्षातील पहाट, उजेड नुकता फुटत होता. बोगद्याच्या अलीकडील एका वळणावर रस्त्याच्या कडेने चार साध्वीजी विहार करीत निघाल्या होत्या. त्यांतील एक वयोवृद्ध महाराजसाहेब चाकांच्या खुर्चीत होत्या. मागे चमकणारी जाकिटे घातलेले दोन विहारसेवक युवक.

माझा वेग तेव्हा ताशी ४० किलोमीटर असेल. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. ईर्यासमितीचे पालन करणारे साधू-साध्वी युगमात्र, सुमारे चार हात भूमी न्याहाळत पाऊल टाकतात. आपण त्यांना पाहून ब्रेककडे बोट नेईपर्यंतच दहा मीटर मागे पडलेले असतात. विहारात साधू-साध्वींना वाहनांनी धडक दिल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत, आणि त्या वाचताना वाहन चालवणारा कोणीतरी परका आहे असेच आपण गृहीत धरतो. त्या वळणावर तो मी होतो. ब्रेक लावला. वळणावर बारीक खडी होती, तरी दोन्ही चाकांच्या एबीएसमुळे चाक घसरले नाही. हॉर्न न वाजवता, मंद गतीने, बरेच अंतर ठेवून पुढे गेलो. एका सेवकाने हात उंचावून आभार मानले. पुढे गाडी थांबवून मी काही वेळ तसाच उभा राहिलो.

या गाडीच्या स्वस्त प्रकारात एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते आणि मागे ड्रम ब्रेक असतो. तेथे पैसे वाचवू नयेत. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वाचलेली रक्कम तिथेच लावावी. हातमोजे घेताना विचारून घ्यावे, कारण चांगले म्हणून दाखवले जाणारे बहुतेक कातड्याचे असतात. कापडी आणि कृत्रिम धाग्याचेही मजबूत मिळतात.

ज्यांची मुले अद्याप सोळा-सतराची आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. ‘कोपऱ्यावरच्या गोदामापर्यंतच तर जातो’ हे कारण तेथे चालत नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो आणि घाटातील प्रसंगासह सारे सांगितले. गाडी चांगली आहे, शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालणारी आहे, पण एका महिन्यानंतर घ्यावी. आणि पहिले सहा महिने पहाटे व रात्री महामार्गावर न्यायची नाही. भाच्याने सर्व मान्य केले. मग हळूच विचारले, “मामा, सायलेन्सर बदलला तर चालेल ना? आवाज थोडा भारदस्त येतो.”

मी काही बोलण्याआधीच ताई म्हणाली, “आवाज करायचा असेल तर गाडी परत.”

तो विषय तेथेच मिटला. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट मामाने घेऊन द्यावे, असे मात्र एकमताने ठरले.